बाखच्या बायकोची बखर

१९३० साली लाइपझिगमध्ये एक छोटंसं जर्मन पुस्तक निघालं: ‘आना माग्दालेना बाखची छोटी बखर’. लेखकाचं नाव कुठेच नाही. पहिल्या पानापासून ‘मी’ बोलते, आणि ही ‘मी’ म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याची दुसरी बायको. नवरा गेलाय, हालाखीचे दिवस आहेत, एक जुना शिष्य भेटायला येतो आणि म्हणतो, त्या थोर माणसाबद्दल तुम्हाला जे आठवतं ते लिहून ठेवा. मग ती लिहू लागते. वाचकांना वाटलं, दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुठल्यातरी पेटीत पडून राहिलेलं हस्तलिखित सापडलं. पुस्तक हातोहात गेलं, आवृत्त्या निघत राहिल्या, आणि त्यातले प्रसंग बाखच्या चरित्रातले प्रसंग म्हणून सांगितले जाऊ लागले.

पुस्तक अनुवादित होतं. मूळ इंग्रजी, १९२५चं, तेही निनावी. लिहिणाऱ्या बाईंचं नाव एस्थर मेनेल. आना माग्दालेना १७६०मध्येच वारली होती आणि तिने आठवणी वगैरे काही लिहिल्याचा पुरावा नाही.

प्रसिद्ध संगीतकारांच्या बायकांवरच्या कादंबऱ्यांचा आता एक मोठा कप्पाच झालाय. त्यातलं हेच प्रकरण निवडण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. बाख घराण्याचे कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत: बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी, नगरपालिकेचे ठराव, मालमत्तेची यादी, एका नातलगाच्या पत्रांचे मसुदे. कल्पना कुठे सुरू होते, तिने काय उचललं आणि काय टाळलं, हे कागद शेजारी ठेवून बघता येतं. इतर अनेक कादंबऱ्यांच्या बाबतीत ही सोय नसते.

आधी पुस्तकाला त्याचं श्रेय देतो. मेनेलबाईंनी अभ्यास केला होता, आणि त्यांना बाखचं संगीत मनापासून आवडत होतं. सुरुवातीलाच हॅम्बुर्गच्या चर्चमधला प्रसंग येतो. तरुण आना माग्दालेना वडिलांबरोबर गेलेली असते. तिथे ऑर्गन ऐकते, वाजवणारा कोण ते तिला ठाऊक नसतं, आणि तो समोर येताच ती भांबावून जाते. बाख १७२०मध्ये हॅम्बुर्गला जाऊन ऑर्गन वाजवून आला होता, हे खरं. ती तिथे होती याला काही आधार नाही. पण कादंबरीकाराने दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या मोकळ्या जागेत तिसरी बसवावी, हा त्याचा हक्कच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी अडचण जिन्यावरच्या प्रसंगाशी सुरू होते.

बाख ‘मॅथ्यू पॅशन’ लिहितोय, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातना सांगणारी चर्चसाठीची मोठी रचना. आना माग्दालेना अचानक खोलीत शिरते. तो त्यातल्या गोल्गथाच्या, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं त्या टेकडीच्या, ओळींवर थांबलाय, चेहरा राखेसारखा झालाय, डोळ्यांत पाणी आहे. तिची चाहूलही त्याला लागत नाही. ती हळूच दार ओढून घेते, बाहेर जिन्यात बसते आणि रडते. पुस्तकातला बहुधा सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग हाच. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलो होतो.

आता त्याच जिन्याशी नोंदी ठेवून बघू. मेनेलबाईंच्या काळी या पॅशनचा पहिला प्रयोग १७२९चा मानत, हल्ली ११ एप्रिल १७२७ मानतात. आपण मेनेलबाईंचंच साल धरू. १७२६च्या जूनमध्ये आना माग्दालेनाची पहिली मुलगी गेली, तीन वर्षांची. १७२७च्या ऑक्टोबरअखेर एक मुलगा झाला, तो दोन दिवसांत गेला. १७२८च्या सप्टेंबरात दुसरा मुलगा गेला, साडेतीन वर्षांचा. त्यानंतर तीनच आठवड्यांत पुढची मुलगी जन्मली. म्हणजे १७२९च्या वसंतात जिन्यात बसलेल्या या बाईच्या मांडीवर सहा महिन्यांची मुलगी आहे, आत पाच वर्षांचा आणि तीन वर्षांची अशी दोन मुलं आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत तिने तीन मुलं पुरली आहेत. पहिल्या बायकोची चार मुलं वेगळीच. त्यातली थोरली मुलगी वीस वर्षांची, म्हणजे सावत्र आईपेक्षा जेमतेम सात वर्षांनी लहान.

ही बाई जिन्यात रडत असेल तर का रडत असेल?

पुस्तकाचं उत्तर ठरलेलं आहे: नवऱ्याच्या प्रतिभेच्या ओझ्याने. तिचं रडणं त्याच्या रडण्याचा प्रतिध्वनी होऊन येतं. प्रसंग सुंदर लिहिलेला आहे, पण त्यात जिन्यात ती नाहीच, तिच्या जागी आपण बसलोय, दोन शतकांनंतरचे बाखभक्त. एखादी बायको नवरा कामात असताना दार ओढून घेते तेव्हा तिच्या मनात भक्तीबरोबर दुसरंही काही असू शकतं. धाकटी उठेल ही धास्ती असेल, आज रात्री वादक-गायकांसाठी कुठले सुटे भाग नकलून द्यायचे आहेत हा हिशोब असेल, किंवा ज्या मुलाच्या मरणाबद्दल घरात कोणी बोलत नाही त्याची आठवण असेल. यातलं काहीही कल्पून लिहिता आलं असतं. काय कल्पायचं हे मेनेलबाईंनी निवडलं, आणि संबंध पुस्तकभर त्यांची निवड एकाच बाजूला झुकते.

ही पहिली गोष्ट. दुसरी तिच्या कामाची.

आना माग्दालेना विल्के हिचा जन्म १७०१चा, गाव त्साइट्स, वडील ट्रम्पेटवादक. ती कोथेनच्या राजपुत्राच्या दरबारात पगारी गायिका होती. बाख तिथेच संगीतप्रमुख होता. ३ डिसेंबर १७२१ला तिचं बाखशी लग्न झालं. ती २०, तो ३६. पहिली बायको मारिया बार्बारा आदल्या वर्षी जुलैत वारली होती. राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेलेला बाख परत आला तेव्हा तिचं दफनही होऊन गेलं होतं. १७२३मध्ये कुटुंब लाइपझिगला आलं आणि आना माग्दालेनाचं पगारी गाणं संपलं, कारण तिथल्या चर्चमध्ये बायकांना गायला मज्जाव होता. त्यानंतर ती बाहेर गायल्याचे उल्लेख तुरळक आहेत. १७२९मध्ये कोथेनच्या त्याच राजपुत्राच्या अंत्यसंस्काराला दोघं गेले होते, तो त्यातला एक.

खुद्द बाखने तिच्याबद्दल लिहिलेलं एकच वाक्य आपल्याकडे ठळकपणे उरलंय. ऑक्टोबर १७३०मध्ये त्याने एका बालमित्राला पत्र लिहिलं. लाइपझिगमधल्या चर्चसंगीताच्या नोकरीवर तो वैतागला होता. शहर महाग आहे, वरचे लोक संगीताकडे लक्ष देत नाहीत, हवा चांगली असली की माणसं कमी मरतात आणि दफनांच्या मिळकतीवर पाणी पडतं, आदल्या वर्षी असं १००हून जास्त टालरांचं (तिथल्या चांदीच्या नाण्यांचं) नुकसान झालं, अशा तक्रारी आहेत. (हा माणूस मला या पत्रात सर्वांत जवळचा वाटतो.) शेवटी तो घरच्यांविषयी लिहितो: घरातल्या घरात गाण्या-वाजवण्याचा एक ताफा उभा राहतो, आणि बायको छान स्वच्छ सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीचा आवाज) गाते. ‘स्वच्छ’ हा शब्द त्याचा. एका व्यावसायिकाने दुसऱ्या व्यावसायिकाच्या आवाजाला दिलेली ती पावती आहे.

बाहेरचं गाणं थांबल्यावर तिचा हात चालू राहिला. बाखच्या कितीतरी रचनांच्या नकला तिने केल्या. चेलोसाठीच्या सहा सुइट्स, म्हणजे नृत्यप्रकारांवरच्या तुकड्यांच्या मालिका, आज जगभर वाजतात. त्यांचं बाखच्या हातचं हस्तलिखित हरवलंय, जी मुख्य प्रत उरली ती तिच्या हातची. स्वरांवरच्या जोडरेषा, म्हणजे किती स्वर गजाच्या एका ओढीत घ्यायचे ते दाखवणाऱ्या रेषा, त्या प्रतीत इतक्या ढिल्या आहेत की गज कुठे फिरवायचा यावर चेलोवादक आजही वाद घालतात. रात्री किती वाजता, कुठल्या उजेडात, कुणाला झोपवून तिने त्या काढल्या असतील, असं माझ्या मनात येतं. ढिल्या जोडरेषांचं एखादं पान म्हणजे कादंबरीचं आख्खं प्रकरण होऊ शकतं.

त्या प्रतीच्या मुखपृष्ठावर, ज्याच्यासाठी ती केली त्याने, फ्रेंचमध्ये लिहून ठेवलंय की ही ‘मादाम बाख, त्यांच्या पत्नी’ यांनी लिहिली. लिहिली म्हणजे उतरवली. याच शब्दाला धरून या शतकात ऑस्ट्रेलियातले संगीतज्ञ मार्टिन जार्व्हिस यांनी दावा केला की सुइट्स तिच्याच रचना आहेत. बाखच्या अभ्यासकांनी तो मानला नाही, आणि पुरावा पाहता मलाही तो पटत नाही. पण या दाव्याकडे मी मेनेलबाईंच्या पुस्तकाची उलटी बाजू म्हणून बघतो. एका ठिकाणी तिला निव्वळ भक्तीण केलं, दुसऱ्या ठिकाणी लपवलेली रचनाकार. नक्कल करणारी बाई, म्हणजे ज्या कामात कौशल्य लागतं, वेळ जातो, डोळे जातात आणि नाव होत नाही ते काम करणारी बाई, दोन्हीकडे गळूनच पडते.

तिच्या नावाच्या वहीचंही तसंच झालं. १७२२ची एक आणि १७२५ची एक अशा दोन संगीतवह्या आहेत. दुसरीवर तिची आद्याक्षरं आणि साल आहे. पियानो शिकणारं जवळजवळ प्रत्येक मूल जी मेजरमधला जो मिन्युएट (नृत्याचा छोटा तुकडा) वाजवतं तो त्या वहीतला. कित्येक वर्षं तो बाखचा म्हणून छापला गेला. १९७०च्या दशकात कळलं की तो ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेत्सोल्डचा. त्याच वहीतलं एक प्रेमगीत कित्येक लग्नांत ‘बाखने बायकोसाठी रचलेलं’ म्हणून गायलं जातं. ते श्टोल्त्सेल या बाखच्या समकालीन संगीतकाराच्या ऑपेरातलं. घरात आवडलेली दुसऱ्यांची गाणी तिने आपल्या वहीत उतरवून घेतली होती, इतकी साधी गोष्ट. पण वही थोर माणसाच्या घरातली, तेव्हा त्यातलं सगळं त्याचंच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

बखरीवर लोकांनी विश्वास का ठेवला, याचं उत्तर मला या मिन्युएटमध्ये सापडतं. नाव न छापणं ही फसवणूक म्हणायची का, यावर वाद होऊ शकतो. लंडनमध्ये निनावी पुस्तक ही एक लकब ठरली असती. लाइपझिगमध्ये, बाखच्या स्वतःच्या गावात, तेच निनावीपण पुराव्यासारखं दिसलं. पण ते नुसतं निमित्त. खरी जमीन आधीच नांगरलेली होती. बायको बोलली तर ती नवऱ्याबद्दलच बोलणार, आणि गौरवानेच बोलणार, ही अपेक्षा वाचकाच्या मनात तयार होती. मराठी वाचकालाही हा सूर अनोळखी वाटणार नाही. बखरीतल्या बाईने एखाद्या पानावर ‘आज मला यांचा राग आला’ असं चार ओळी खरोखर लिहिलं असतं, तर मला वाटतं लोकांनी हस्तलिखित कुठे सापडलं हे विचारलं असतं.

मेनेलबाईंच्या हाताशी असलेल्या किंवा थोड्या शोधाने मिळण्याजोग्या दोन तपशिलांची मला फार हळहळ वाटते. बाखचा एक चुलत नातलग, योहान एलियास, १७३७-३८च्या सुमारास त्यांच्या घरी राहायला आला. मुलांना शिकवायचा, पत्रव्यवहार बघायचा. त्याच्या पत्रांच्या मसुद्यांत घरची बाई मधूनच डोकावते. तिला बागकामाचं वेड आहे, म्हणून तो पिवळ्या कार्नेशनची रोपं मागवतो. रोपं आल्यावर कळवतो की नाताळच्या भेटींनी मुलं खूश होतात त्याहून ती खूश आहे, आणि लहान लेकरांना जपावं तशी ती रोपांना जपते. दुसऱ्या एका पत्रात तिच्यासाठी छान गाणारा एक लिनेट पक्षी मिळवायची खटपट चाललीय. पगारी गाणं सुटलेली गायिका, सात मुलं गमावणारी आई, आणि लेकरांसारखी जपलेली रोपं. यात एक शब्दही घालायची गरज नाही. बाखचं नावदेखील घ्यावं लागत नाही.

‘बखर’ हेच नाव घेऊन १९६८मध्ये एक चित्रपट आला, श्त्राउब आणि युइये या जोडप्याचा. मेनेलबाईंच्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही. निवेदन तिथेही आना माग्दालेनाच्याच आवाजात आहे, म्हणजे तेही काल्पनिकच, पण त्याचा मजकूर पत्रं आणि कागदपत्रांतून उचललेला. ती पगार, भाडं, अर्ज, मुलांचे मृत्यू हे सगळं एकाच सपाट, घाईच्या स्वरात सांगत जाते. बाखची भूमिका गुस्ताव लेओनहार्ट या हार्प्सिकॉर्डवादकाने केलीय आणि संगीत कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष वाजवलंय. अनेकांना तो रूक्ष वाटतो. मला तो बखरीपेक्षा कितीतरी हळवा वाटला, कारण ती काय वाटतं ते सांगतच नाही आणि मग आपण तिच्याकडे बघायला लागतो. मात्र त्यातही ती नवऱ्याचीच गोष्ट सांगते. नावात ती आहे, पडद्यावर बहुतेक वेळ तो.

आता ज्या काळाची चौकट करून बखर उघडते त्या वैधव्याकडे येतो.

२८ जुलै १७५०ला बाख गेला. मृत्युपत्र नव्हतं. मालमत्तेची यादी झाली. सुरुवातीलाच एका खाणीतला ६० टालरांचा हिस्सा, मग रोकड, चांदीची भांडी, वाद्यं, धर्मग्रंथ. एकूण किंमत १,१०० टालरांच्या थोडी वर. एक तृतीयांश विधवेला, बाकी नऊ मुलांत. संगीताची हस्तलिखितं यादीत नाहीतच, ती वेगळी वाटली गेली. तिच्या वाट्याच्या कँटाटांचे (चर्चमध्ये गायच्या रचनांचे) सुटे भाग तिने, बाख जिथे शिकवायचा त्या शाळेकडे दिले. ऑक्टोबरात तिने अल्पवयीन मुलांचं पालकत्व मागणारा अर्ज केला आणि त्यात पुन्हा लग्न न करण्याचं वचन दिलं, पालकत्व हवं तर ते द्यावंच लागे. ती तेव्हा ४९ वर्षांची होती. १७५२मध्ये बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या रचनेच्या काही छापील प्रती नगरपालिकेला दिल्याबद्दल, आणि तिच्या गरजेपोटी, तिला ४० टालर मिळाले. २७ फेब्रुवारी १७६०ला ती वारली तेव्हा नोंदीत ‘दानावर जगणारी’ असा उल्लेख झाला. तिची कबर कुठे आहे हे माहीत नाही. तिचं एक तैलचित्र सावत्र मुलाकडे होतं, तेही हरवलं.

मेनेलबाईंनी हे दारिद्र्य वापरलं ते निमित्त म्हणून: विधवा गरीब आहे, एकटी आहे, म्हणून आठवणी काढत बसलीय. प्रत्यक्षात ती एकटी नव्हती. ते बायकांचं घर होतं. अविवाहित थोरली सावत्र मुलगी काथारिना डोरोथेआ, आणि स्वतःच्या दोघी धाकट्या, योहाना कारोलिना आणि रेगिना सुझाना. बाख गेला तेव्हा शेवटची आठ वर्षांची होती. त्या चौघींनी दहा वर्षं कशी काढली यावर कोणीही बखर लिहिलेली नाही. चुलीपाशी ‘ते असते तर’ असं रोज कोणीतरी म्हणत असेल, आणि एखाद्या दिवशी कोणी दुसरीच म्हणत असेल, ‘ते असते तरी भाडं भरावंच लागलं असतं’.

बाखचं पहिलं मोठं चरित्र १८०२मध्ये फोर्केलने लिहिलं ते दोघा थोरल्या मुलांकडून मिळालेल्या माहितीवर. त्या वेळी रेगिना सुझाना लाइपझिगमध्येच होती, साठीची, ओढग्रस्त. १८००मध्ये तिच्यासाठी एका संगीत नियतकालिकातून मदतीचं आवाहन निघालं होतं, आणि तिच्या मदतीसाठी स्वतःची एखादी रचना छापावी अशी तयारी बेटहोफेनने दाखवली होती. ती १८०९पर्यंत जगली.

मला ही कादंबरी लिहायची झाली तर मी ‘मी’ तिला देईन. वडील तिला आठवतात ते आंधळे होत चाललेले, डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झालेले. पॅशन तिच्या जन्माच्या आधीची. हॅम्बुर्गचा ऑर्गन तिने ऐकलेला नाही. तिला ठाऊक आहेत ती आईची बोटं, शाईची आणि मातीची. आणि गोष्ट १७६०च्या फेब्रुवारीत सुरू करीन. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे २२ तारखेला ती अठरा वर्षांची झाली, २७ला आई गेली. मधले पाच दिवस.